शिवलेला पतंग : सुई, ठिगळ आणि नोंद

मराठीत पतंगाच्या संबंधाने जी शब्दसंपत्ती आढळते तीत सुईला कोठेही स्थान नाही. पतंग, वावडी, कामटी, कन्नी, शेपूट, मांजा, फिरकी हे सारे शब्द कागद, बांबू, खळ आणि सूत यांच्या परिसरातले आहेत. दोरा येथे आहे, पण तो उडविण्याचा, शिवण्याचा नव्हे. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत ‘वावडी’ या शब्दाचा अर्थ कागदी पतंग असाच दिलेला आहे, आणि ‘वावड्या उठविणे’ या वाक्प्रचाराला जो निराधार बातमीचा अर्थ चिकटला आहे त्याच्या मुळाशीही कागदाचा तो हलकेपणाच असावा. शिखांच्या आदिग्रंथात संत नामदेवांच्या नावे समाविष्ट असलेल्या एका पदात पतंगाचा दृष्टान्त येतो. तेथेही कागद आणून त्याची ‘गूडी’ कापल्याचेच वर्णन आहे. (ही ‘गूडी’ आणि मराठी ‘गुढी’ यांतील ध्वनिसाम्य मोह पाडणारे आहे, काठीला वस्त्र बांधून ते उंच उभारण्याची कल्पना पतंगाच्या जवळची आहेच. परंतु ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, हे या विषयाच्या अभ्यासकांस सांगावयास नको.)

अन्य भाषांत पाहिले तरी स्थिती फारशी निराळी नाही. इंग्रजीने पतंगाला घारीचे नाव दिले, जर्मनने नागासारख्या कल्पित प्राण्याचे, जपानीने आठ पायांच्या माशाचे, स्पॅनिशने धूमकेतूचे. चिनीतील एका जुन्या नावाचा अर्थ ‘कागदाची घार’ असा होतो. कोणी आकार पाहून नाव ठेवले, कोणी गती पाहून, कोणी द्रव्य पाहून. तो कसा सांधला आहे याकडे पाहून नाव ठेवलेले या प्रमुख नावांत एकही नाही. कागदाच्या पतंगापुरते हे ठीकच होते, कारण कागद चिकटवावयाचा असतो. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पतंग कापडाचा झाला, सुईखालून निघू लागला, आणि तरीही भाषेने आपली जुनी सवय सोडली नाही. त्या सवयीचा परिणाम इतिहासलेखनावर कसा झाला हे पाहण्याजोगे आहे.

कापड का आले, याचे कारण साधे आहे. कागदाचा पतंग खेळापुरता पुरतो. माणूस किंवा उपकरण उचलावयाचे तर पृष्ठभाग मोठा हवा, जोराच्या वाऱ्यात तो फाटता कामा नये, आणि भिजला तरी वाळवून पुन्हा वापरता आला पाहिजे. ऑस्ट्रेलियातील लॉरेन्स हारग्रेव्ह याने १८९३ मध्ये पेटीच्या आकाराचा पतंग सिद्ध केला आणि १२ नोव्हेंबर १८९४ रोजी न्यू साउथ वेल्समधील स्टॅनवेल पार्कच्या किनाऱ्यावर असे चार पतंग एकाच दोरीला जोडून तो स्वतः जमिनीपासून १६ फूट वर उचलला गेला. हे पतंग लाकडी पट्ट्यांवर कॅलिको कापड ताणून केलेले होते. ‘कॅलिको’ हा शब्द कालिकतवरून इंग्रजीत गेला, हे प्रसिद्धच आहे. ज्या किनाऱ्याने त्या कापडाला नाव पुरविले त्या देशात पतंग मात्र कागदाचाच राहिला, हा योगायोग मौजेचा आहे. तो पुढे आणखी एकदा येणार आहे.

कापडी पतंगाबरोबर इंग्रजीत नवे शब्दही आले, पण ते शिवणाऱ्याच्या घरातून न येता गलबतावरून आले. पतंगाच्या कापडाला शिडाचे नाव मिळाले, दांड्यांना डोलकाठीच्या सोटांचे. हे स्वाभाविक होते. शिडे शिवणारे कारागीर हेच वाऱ्याच्या दाबाखाली ताठ राहणारे कापड शिवणारे जुने लोक होते. पण शब्द आले ते शिडाचे. शीड शिवणाऱ्याचे नाव मागेच राहिले.

१९०० सालच्या सप्टेंबरात विल्बर राइट हा नॉर्थ कॅरोलायनातील किटी हॉक या वाळूच्या पट्टीवरील वस्तीत पोहोचला आणि विल्यम टेट या तेथील गृहस्थाच्या घरी उतरला. त्याच्याजवळ सॅटीन जातीच्या सुती कापडाचे पंख होते. ते ओहायोतील डेटन येथील घरी १८ फुटांच्या मापाने कापून आणि शिवून आणलेले होते. परंतु वाटेत नॉरफोक येथे १८ फुटांचे सोट मिळाले नाहीत. १६ फुटांवर समाधान मानावे लागले. लाकूड आखूड झाल्यावर कापड लांब राहिले. तेव्हा विल्बरने टेट यांच्या पत्नी अॅडी यांचे शिवणयंत्र मागून घेतले, पंखांच्या मधली पट्टी कापून काढली आणि दोन्ही बाजू पुन्हा जोडल्या. विमानविद्येच्या इतिहासात ज्याची गणना होते त्या यंत्राच्या पंखांमधोमध अशी दुसऱ्याच्या घरच्या यंत्रावर घातलेली टीप होती.

हे यंत्र त्या हंगामात बहुतेक वेळ पतंगासारखे दोरीने बांधूनच उडविले गेले. माणसासह मोकळे उड्डाण एकंदरीत काही मिनिटांपलीकडे गेले नाही. ऑक्टोबरात दोघे भाऊ परतले तेव्हा त्यांनी ते तेथेच टाकून दिले. अॅडी टेट यांनी त्याचे कापड उसवून घेतले, धुतले आणि आपल्या दोन मुलींचे झगे शिवले. पतंगाचा इतिहास लिहिणारे ही हकीकत सांगतात ती बहुधा गमतीची गोष्ट म्हणून. वस्तुतः ती गमत नाही. सॅटीनचे ते कापड सुखवस्तू दुकानातून आलेले होते आणि वाळूच्या त्या वस्तीत तसे कापड सहजी मिळत नव्हते. एका गृहिणीच्या दृष्टीने पंख ही कापडाच्या आयुष्यातील एक मधली अवस्था होती, इतकेच. गोधडी शिवणाऱ्या कोणत्याही घरात कापडाकडे असेच पाहिले जाते: लुगडे फाटले की त्याचे दुपटे, दुपटे विरले की वाकळेचे ठिगळ.

या ठिकाणी एक सावधगिरी आवश्यक आहे. सुई म्हणजे स्त्री आणि पंख म्हणजे पुरुष अशी सरळ वाटणी करावयास पुरावा अनुकूल नाही. १९०२ च्या ऑगस्टमधील कॅथरिन राइट हिचे वडिलांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात घरात विल्बर तासन् तास शिवणयंत्र फिरवीत बसला असून ऑरव्हिल कापडावर शिवावयाच्या जागा आखून देत आहे, असे ती कळवते. दोघे भाऊ स्वतः शिवीत होते आणि शिवणीचा विचारही करीत होते. पंखांवर कापड चढविताना त्यांनी त्याचे ताणे-बाणे सोटांना समांतर न ठेवता तिरपे, पंचेचाळीस अंशांत ठेवले. आपल्याकडे शिंपी ज्याला उरेब कापड म्हणतात ते हेच. उरेब कापड लांबीच्या दिशेने सैल पडते, पण चौकटीवर तिरपे ताणले की त्याचे धागे चौकटीला आडव्या-तिडव्या ताणांचे काम देतात आणि वेगळ्या आधारांची गरज कमी होते. झग्याला घोळ देण्यासाठी जे ज्ञान वापरले जाते तेच येथे पंखाला ताठपणा देण्यासाठी उपयोगात आले. हे ज्ञान कोणत्या ग्रंथातून आले, असे विचारण्यात अर्थ नाही. ते शिवण येणाऱ्या प्रत्येक घरात होते.

कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात बॅडेक येथे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने याच सुमारास जे पतंग केले त्यांत शिवणीचे प्रमाण विलक्षण होते. चतुष्फलक आकाराच्या लहान लहान पेशी एकमेकींना जोडून हवा तेवढा मोठा पतंग करावयाचा, अशी त्याची रीत होती. प्रत्येक पेशीच्या चार बाजूंपैकी दोन बाजू रेशमाने मढवावयाच्या. रेशीम बहुधा तांबडे असे, कारण छायाचित्रात तो रंग गडद उमटतो. ६ डिसेंबर १९०७ रोजी ब्रा दोर सरोवरावर ‘सिग्नेट’ नावाचा पतंग लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज याला घेऊन वर गेला. त्यात ३,३९३ पेशी होत्या. म्हणजे रेशमाचे ६,७८६ त्रिकोण कापले गेले आणि प्रत्येकाच्या तिन्ही कडा मुडपून शिवल्या गेल्या. हे काम बेलच्या प्रयोगशाळेत स्थानिक स्त्रियांनी केले. त्या कामावर बसलेल्या स्त्रियांची छायाचित्रे आहेत. उड्डाणाचा दिवस, वैमानिकाचे नाव, पेशींची संख्या, हे सारे इतिहासग्रंथांत सापडते. पेशी मात्र ‘रेशमाने मढविलेल्या’ असतात. मढविलेल्या! कर्मणी धातुसाधिताची ही सोय अशी आहे की तिच्यात कर्ता सांगण्याची सक्ती नसते आणि न सांगितल्याचे कोणास जाणवतही नाही. इंग्रजी वृत्तान्तांतील तत्सम रचना मराठी अनुवादांतही जशीच्या तशी उतरते.

बेलचा पतंग तंत्रदृष्ट्या फार पुढे गेला नाही. हजारो पेशींमुळे वाऱ्याचा अडथळा वाढत गेला. पण तुकड्यांनी बनलेला पतंग म्हणून त्याचे स्थान वेगळे आहे. त्यात तुकडा ही उणीव नाही, रचनेचे तत्त्व आहे.

चार दशकांनंतरचे उदाहरण अधिक तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण त्यात घर, सुई आणि नाव हे तिन्ही प्रश्न एकत्र येतात. फ्रान्सिस रोगॅलो हा १९३६ पासून व्हर्जिनियातील लँग्ली येथील सरकारी वैमानिक संशोधनशाळेत काम करीत होता. लवचीक, काठ्यांचा सांगाडा नसलेला पंख शक्य आहे ही त्याची कल्पना शाळेच्या कार्यक्रमात बसली नाही. तेव्हा त्याने आणि त्याची पत्नी गर्ट्रूड हिने फावल्या वेळात घरीच प्रयोग चालविले. मोठा पंखा लावून घरातच वाऱ्याचा झोत तयार केला गेला. १९४८ साली या प्रयत्नांतून जो पतंग सिद्ध झाला तो गर्ट्रूडने स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फुलाफुलांच्या पडद्याचे कापड घेऊन शिवला होता.

ते कापड इंग्रजीत ज्याला ‘चिंट्झ’ म्हणतात त्या जातीचे होते. हा शब्द मूळचा आपल्याकडील ‘छींट’, मराठीत ‘चीट’. छापील सुती कापडाबरोबर तो सतराव्या शतकात इंग्लंडात गेला, आणि त्याचे जे अनेकवचन झाले तेच पुढे एकवचन म्हणून रूढ झाले. कालिकतच्या कापडाने हारग्रेव्हला उचलले, चिटाच्या पडद्याने रोगॅलोंचा पंख उडाला. पतंगाच्या वस्त्राची इंग्रजी नावे भारतातून आली, असे निदान या दोन प्रसंगांपुरते म्हणता येते.

या पंखाचे मर्म असे की त्यात काठ्या नव्हत्या. कापडाच्या काटण्यावर आणि दोऱ्या कोठे बांधल्या यावर त्याचा आकार अवलंबून होता. वारा भरला की कापडाला दोन फुगीर खोळींचे रूप येई आणि तेच रूप त्याला तरते ठेवी. अशा वस्तूत शिवणे ही रचनेनंतरची क्रिया उरत नाही. शिवणे म्हणजेच रचणे होय. एक इंच कापड एका बाजूस अधिक गेले तर पंख त्या बाजूस वळतो. तो सुधारण्यासाठी उसवून पुन्हा शिवावे लागते, पुन्हा पंख्यासमोर धरावे लागते. कल्पना कोणाची आणि हात कोणाचे, ही विभागणी अशा कामात किती टिकते?

अमेरिकेच्या एकस्व कार्यालयाने २० मार्च १९५१ रोजी ‘लवचीक पतंग’ या मथळ्याखाली जे एकस्व दिले ते गर्ट्रूड आणि फ्रान्सिस या दोघांच्या नावे आहे. कागदोपत्री नोंद निर्दोष आहे. नंतर जे घडले ते भाषेत घडले. १९५७ मध्ये रशियाने कृत्रिम उपग्रह सोडल्यावर अंतराळयान जमिनीवर हळुवार उतरविण्याचे उपाय शोधले जाऊ लागले. जेमिनी यानांसाठी या पंखाचा विचार झाला, १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात त्याच तत्त्वावर माणूस बसविण्याचे ‘पॅरेसेव्ह’ नावाचे यान बांधले गेले, आणि १९६४ मध्ये जेमिनीपुरती ती कल्पना सोडून देण्यात आली. या साऱ्या खटाटोपात वस्तूचे नाव पडले ‘रोगॅलो पंख’. आडनाव दोघांचेही होते, म्हणून नाव खोटे ठरत नाही. परंतु आडनावाने शास्त्रीय वस्तूचा निर्देश केला की वाचक तेथे एक पुरुष, आणि तोही प्रयोगशाळेतला, गृहीत धरतो. नोंदीतील दोन नावे उच्चारात एक झाली. अमेरिकी अंतराळसंस्थेने १९६३ मध्ये ३५,००० डॉलरचे पारितोषिक दिले तेही दांपत्याला. तरीही अनेक लोकप्रिय वृत्तान्तांत गर्ट्रूड येते ती पडद्याच्या प्रसंगापुरती. ती २००८ मध्ये आणि फ्रान्सिस २००९ मध्ये निवर्तला.

काठ्यांशिवायचा पतंग पुढे डोमिना जल्बर्ट याने पूर्णत्वास नेला. त्याने १९६४ मध्ये केलेला आणि १९६६ मध्ये एकस्व मिळालेला ‘पॅराफॉइल’ म्हणजे कापडाच्या अनेक खोळींची एक ओळ असते. पुढच्या तोंडांतून वारा शिरतो आणि त्या खोळी पंखाचा आकार धरतात. खोळींमधील पडद्यांचा काट चुकला तर त्याला सावरणारे दुसरे काहीच नसते.

ठिगळांच्या नक्षीचा, घरी शिवलेला पतंग अमेरिकेत रुजला तो या पार्श्वभूमीवर. १९६४ मध्येच न्यू मेक्सिकोतील सिल्व्हर सिटी येथे रॉबर्ट इन्ग्रॅहॅम याने पतंग उडविणाऱ्यांची संघटना स्थापन केली आणि आकृत्या, मापे व शिवण्याच्या युक्त्या यांची देवघेव सुरू झाली. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुन्या अमेरिकी गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या. दरम्यान हवाई छत्र्यांसाठी व शर्यतीच्या होड्यांच्या शिडांसाठी बनणारे नायलॉन बाजारात आले होते. या कापडात ठरावीक अंतरावर जाड धागे विणलेले असतात, त्यामुळे लहानशी चीर पुढे पसरत नाही. आणि चौरस मीटरला त्याचे वजन सुमारे ४० ते ५० ग्रॅमच भरते. त्याचे रंगीत तुकडे जोडून पतंग करणे आता घरच्या यंत्रावर शक्य झाले.

गोधडीची रीत मात्र पतंगाला जशीच्या तशी लावता येत नाही. गोधडी समोरून, पडलेल्या प्रकाशात पाहिली जाते. तिच्या मागे काय दडले आहे याची कोणास काळजी नसते. पतंगामागे आकाश असते आणि प्रकाश कापडातून आरपार येतो. जेथे दोन तुकडे एकमेकांवर चढतात तेथे रंग गडद होतो, जेथे चार पदर येतात तेथे काळी रेघच दिसते. म्हणून दोन मार्ग रूढ झाले. एकात तुकड्यांच्या कडा परस्परांत मुडपून चपटी शिवण घालतात आणि तिची रेघ नक्षीचाच भाग मानतात, रंगीत काचांच्या खिडकीत शिशाच्या पट्ट्या दिसतात तशी. दुसऱ्यात निरनिराळ्या रंगांची पूर्ण कापडे एकावर एक ठेवून नक्षीच्या रेषेवर टीप मारतात आणि मग नको असलेले पदर बारीक कात्रीने कापून टाकतात, जेणेकरून प्रत्येक जागी शेवटी एकच पदर उरावा. कात्री किंचित खोल गेली की सारा पतंग वाया जातो. तुकड्यांची नक्षी छापलेले कापड घेणे हा तिसरा मार्ग सोपा खरा, पण त्याला ठिगळांचा पतंग म्हणावे की नाही हा प्रश्न उरतोच.

वजनाचा हिशेबही निराळा आहे. एक मीटर बाजूच्या चौरसाचे ३६ समान तुकडे केले तर आतल्या शिवणींची लांबी १० मीटर होते. प्रत्येक शिवणीत एक सेंटिमीटर कापड एकमेकांवर चढले तर दशांश कापड अधिक लागले. १४४ तुकडे केले तर शिवण २२ मीटर होते आणि जादा कापड शेकडा २२. कडा मुडपून दुहेरी टीप घातली तर भार आणखी वाढतो, आणि कापड त्या रेषेवर ताठ होते. गोधडीत हा भार ऊब देतो. पतंगात तो हलक्या वाऱ्यात उडण्याची शक्ती हिरावून घेतो. यापेक्षाही अवघड गोष्ट म्हणजे धाग्याची दिशा. गोधडीत तुकडा कसाही फिरवून बसविला तरी चालतो. पतंगात एक तुकडा ताण्याच्या दिशेने आणि शेजारचा उरेब बसला तर वारा भरताच उरेब तुकडा अधिक ताणला जातो, ती बाजू फुगते आणि पतंग गोल फिरू लागतो. म्हणून कणा मध्यरेषा धरून डाव्या-उजव्या बाजूंचे तुकडे आरशातील प्रतिमेप्रमाणे कापावे लागतात, रंग कितीही निरनिराळे असोत. चांगल्या कारागिराचा पतंग दुरून रंगांची स्वैर उधळण वाटतो; तो उलटा करून धागे पाहिले तर दोन्ही अर्धांत काटेकोर सममिती आढळते. राइट बंधूंनी उरेब कापड हेतुपूर्वक वापरले. येथे त्याच गुणापासून सांभाळावे लागते.

हे ज्ञान शब्दबद्ध करण्याची वेळ मराठीवर अद्याप फारशी आलेली नाही. अहमदाबादेत १९८९ पासून भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सवामुळे परदेशी कापडी पतंग पश्चिम भारतात अनेकांच्या दृष्टीस पडले, आणि त्यांना ‘कापडी पतंग’ हे द्रव्यवाचक नाव मिळाले. जुन्या ‘कागदाच्या घारी’चीच ही तऱ्हा. वास्तविक लागणारे सारे शब्द घरात आहेत: काट, मुडप, टीप, धावदोरा, उरेब, ठिगळ, जोड. ते गोधडीभोवती, झबल्याभोवती, परकराभोवती वावरतात. पतंगाच्या शब्दांचे आणि या शब्दांचे अंगण आजवर वेगळे राहिले, एवढेच. ‘ठिगळ’ या शब्दाला मराठीत दारिद्र्याची छटा आहे. गर्ट्रूड रोगॅलोचा पडदा आणि अॅडी टेटचे झगे यांचे वर्णन करावयास मात्र त्याहून नेमका शब्द सापडत नाही.